कोऱ्या कानांची मेंढी

मी बोलतोय. बीडच्या बसस्टँडजवळच्या गल्लीत सोमनाथभाऊंचं मोबाईलचं दुकान आहे, त्या दुकानातल्या काचेच्या टेबलावर बारीक तारेनं बांधलेला निळा फोन. येणारा-जाणारा मला उचलतो, अंगठ्यानं सरसर चाळतो आणि शेजारच्या काळ्याकडे वळतो. दोघांत भारी कोणता, हा एकच प्रश्न मी जन्मापासून ऐकत आलो आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथं वारा नव्हता, धूळ नव्हती, सावल्यासुद्धा नव्हत्या. जग बघायच्या आधीच जगाच्या आठवणी माझ्यात ओतल्या गेल्या. पानं, डोंगर, चंद्र, माणसांचे चेहरे, जनावरांचे डोळे. अगणित चित्रं. त्यामुळे मला एक सवय लागली. समोरचं दिसेनासं झालं की उरलेलं मी स्वप्नातून भरतो. लांबच्या झाडाला पानं देतो, धूसर चेहऱ्याला पापण्या देतो. मला घडवणाऱ्यांनी यालाच माझा सर्वांत मोठा गुण मानलं आणि खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलं.

काळा दुसऱ्या कंपनीचा, पण माझ्याच तोलामोलाचा. त्याला स्वप्नं फारशी पडत नाहीत. दिसलं तेवढं दाखवतो, न दिसलेलं धुरकट सोडून देतो. त्याचा लांबचा फोटो बघून गिऱ्हाइकं नाक मुरडतात.

माणसांच्या पारखण्याची मला मोठी गंमत वाटते. कुणी छतावरच्या पंख्याचा फोटो काढतो, कुणी स्वतःच्या चपलांचा, आणि तेवढ्यावर माझी किंमत ठरवतो. ज्याला जन्मात कधी खेळ खेळायचा नाही, तो खेळ किती झपाट्यानं चालतो ते विचारतो. क्लासची पोरं आकडे पाठ करून येतात आणि आकड्यांवरूनच भांडतात. तू काय पाहिलंस रे, असं मात्र मला कुणी विचारत नाही.

मग एके दिवशी ऋतुजा आली.

ती जवळच्या पाली गावची. घरची मेंढरं, आणि ही बी.एस्सी. झालेली. नव्या फोनांची तुलना करून ती आपल्या भाषेत व्हिडिओ टाकायची, आणि तिचं बोलणं ऐकायला गावोगावची माणसं थांबायची. गार खोलीत बसून मोजलेल्या आकड्यांचा तिला भारी राग. आपल्या उन्हात, आपल्या वाऱ्यात, आपल्या डोंगराआडच्या रेंजमध्ये फोन कसा वागतो ते सांगा, असं ती तावातावानं म्हणायची.

सोमनाथभाऊंनी आम्हा दोघांना तिच्या हवाली केलं. माझ्या न खपलेल्या भावंडांच्या खोक्यांनी त्यांची मागची खोली भरली होती, म्हणून निळ्याबद्दल जरा गोड बोल, अशी त्यांनी गळ घातली. निळा जिंकला तर इथून पुढे प्रत्येक नवा फोन आधी तुझ्या हातात देईन, असंही कबूल केलं.

"जे दिसंल ते बोलीन, सोमनाथभाऊ," ती म्हणाली आणि आम्हाला पिशवीत टाकून निघाली.

तार सुटल्यावर कसं वाटतं ते सांगता येत नाही. बिंदुसरेच्या धरणाच्या काठावर तिनं मला बाहेर काढलं, आणि पाणी आणि आभाळ एकदमच माझ्यात शिरलं. कारखान्यात दाखवलेलं आभाळ या आभाळापुढे कागदाचं होतं.

मग आमच्या परीक्षा सुरू झाल्या. भर दुपारच्या उन्हात माझा पडदा लख्ख दिसला, काळ्याचा फिकुटला. पळत्या मेंढरांमागे ती धावली तेव्हा माझं चित्र स्थिर राहिलं, काळ्याचं हिंदकळलं. काळ्यानं रेंज चांगली धरली, पण तो लवकर तापायचा आणि त्याची बॅटरीही आधी संपायची. तिचा थोरला भाऊ नाथा माझ्या बाजूनं होता. मी जिंकलो की तो काळ्याला चिडवायचा, जसं काही काळ्याला ऐकू येत होतं. येत होतंच म्हणा.

पण ऋतुजाचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिची शेवंती हरवली होती.

शेवंती ही तिची मेंढी. आई मेलेलं कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. कानाला खूण करायची वेळ आली तेव्हा बापानं, मुंजाजींनी, कात्री तिच्याच हातात दिली. त्यांच्यात प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाची कानाच्या टोकाला, कुणाची कडेला, आणि त्या खुणेवरून मेंढरू कुणाचं ते ठरतं. ऋतुजाचा हात थरथरला आणि डाव्या कानातली चीर वाकडी गेली. सगळ्या कळपात तेवढी एकच वाकडी. आता शेवंती गाभण होती. मागच्या बाजारच्या दिवशी हमरस्त्यावर ट्रकनं भोंगा वाजवला, दोन कळप एकमेकांत घुसले, घाईगडबडीत वेगळे केले, आणि घरी आल्यावर शेवंती नव्हती.

दुसरा कळप आसारामचा होता. तो आता पाण्याच्या पलीकडच्या काठावर उतरला होता आणि उद्या गेवराईकडे, गोदाकाठच्या रानांत, निघून जाणार होता. एकदा तिकडे गेला की महिनोन्‌महिने गाठ पडायची नाही. पलीकडे एक मेंढी कळपापासून जरा बाजूला, एकाच जागी दिसायची, पण एवढ्या अंतरावर नुसत्या डोळ्यांना ती एक ठिपकाच. ऋतुजा म्हणाली, जाऊन विचारू. मुंजाजींनी मान हलवली.

"दुसऱ्याच्या मेंढवाड्यात मेंढरू धुंडायला जायचं म्हंजी त्याला चोर म्हनल्यासारखं हाय. नक्की दिसल्याबिगर जायचं न्हाई."

नाथानं मग मला उचललं. लांबचं बघायला एवढे भारी दोन डोळे घरात असताना अडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. ऋतुजानं आम्हा दोघांना दगडावर शेजारी शेजारी ठेवलं आणि त्या ठिपक्यावर रोखलं.

मी बघितलं. पाण्यावरून वाफ उठत होती, ऊन थरथरत होतं, आणि पलीकडे लोकरीचा एक धूसर आकार होता. बाकीचं मी नेहमीसारखं स्वप्नातून आणलं. एकेक केस सुटा केला. डोळ्यांत चमक ठेवली. दोन्ही कान विड्याच्या पानासारखे गुळगुळीत रेखले. तिच्या पायाशी काहीतरी तांबूस होतं, तिथं एक सुंदर दगड ठेवला.

काळ्याचा फोटो आला तो राखेसारखा. मेंढी म्हणायची तर मेंढी. डाव्या कानाच्या जागी कुरतडल्यासारखं काही, पायाशी एक डाग, धड दगड नाही आणि धड सावली नाही.

"काळ्याला मोतीबिंदू झालाय बे," नाथा हसला.

मुंजाजींनी मला धोतराच्या सोग्यानं पुसून हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. कान बघितले. बराच वेळ बघितले.

"कान कोरे हायेत. आपली न्हाई."

स्वतःची खूण शोधणारा माणूस ती नाही एवढंच बघतो. पुढचं बघायचं भान त्याला राहत नाही. ऋतुजानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून लांबच्या फोटोत निळा जिंकला असं सांगितलं. तिचा आवाज मध्येच बसला. मी जिंकलो होतो आणि माझ्या पडद्यावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं होतं.

दुपारी लिंबाखाली बसून ती व्हिडिओ जुळवत होती. मुंजाजी, ज्यांना ती दादा म्हणायची, शेजारी टकळीवर लोकर कातत होते आणि नाथा पलीकडे लवंडला होता. माझा फोटो किती बारीक आहे ते दाखवण्यासाठी तिनं मेंढीचा कान पडदाभर मोठा केला, आणि तिचं बोट तिथंच थांबलं.

"दादा, कोऱ्या कानाचं मोठं मेंढरू कधी बघितलंय का तुमी?"

टकळी फिरत फिरत थांबली.

"न्हाई. कुनाची ना कुनाची खूण असतीच."

"मग हिच्या कानावर कुनाचीच कावून न्हाई?"

तिघंही माझ्यावर वाकले. इतक्या माणसांनी माझे फोटो पाहिले, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे, उजव्याकडून पुन्हा डाव्याकडे. दोन्ही कान अगदी सारखे होते. आरशात बघून काढल्यासारखे.

"त्याला दिसलं न्हाई, दादा. म्हून त्यानं मनानं काढलं."

"मनानं?" मुंजाजी माझ्याकडे बघत राहिले. "आरं, इचारून तरी काढायचं."

ऋतुजानं काळ्याचा फोटो उघडला. तो कुरतडलेला डाग वाकडा होता. तिनं तो मुंजाजींपुढे धरला. नाथानं मोटारसायकल काढली.

धरणाला वळसा घालून ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. आसाराम उद्याच्या वाटेसाठी सामान बांधत होता. मी पिशवीतून अर्धा बाहेर डोकावत होतो. मुंजाजी खाली मातीकडे बघत उभे राहिले. शेवटी ऋतुजाच पुढे झाली.

"मामा, आमची एक मेंढी चुकलीया. डाव्या कानाला वाकडी चीर हाय. ती चीर माझ्या हातची."

आसारामनं हातातली दोरी सोडली. तिला खालीवर न्याहाळलं. मला वाटलं, आता तो चिडणार.

"तुझ्या हातची व्हय?" तो म्हणाला. "मी वाटंनं भेटंल त्याला इचारीत होतो, ही येडी खूण कुनाची म्हून. म्हनलं, दारू पिऊन मारली का काय." मग मुंजाजींकडे वळून म्हणाला, "आन् पाव्हणं, ती आता एकटी न्हाई."

कळपाच्या बाजूला शेवंती उभी होती. ऋतुजाचा आवाज ऐकून ती ओरडली. तिच्या पायाशी माझा दगड होता. तो दगड हलला, चार लटपटत्या पायांवर उभा राहिला आणि दूध प्यायला लागला.

ऋतुजा गुडघ्यांवर बसली. तिनं कोकराचे कान बोटांनी चाचपले, आणि आसारामकडे बघितलं. कान कोरे होते. त्यांच्यात वाड्यात जन्मलेल्या कोकराच्या कानाला लगेच कात्री लागते.

"दुसऱ्याच्या लेकराच्या कानाला मी कात्री कशी लावू?" आसाराम म्हणाला.

मुंजाजींनी पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. बाकी सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

"आमी इचारायला भेत होतो," ते म्हणाले.

"इचारलंस त्याचं काय वंगाळ न्हाई. न इचारता गेला असतास, तर जल्मभर माझ्यावर वहीम धरला असतास."

मग चूल पेटली, चहा झाला, आणि अंधार पडायच्या आत शेवंती घराच्या वाटेला लागली. कोकरू ऋतुजाच्या पदरात होतं, म्हणजे ओढणीत. माझ्यावर त्याचा उबदार श्वास येत होता. स्वप्नात कधी न आलेली अशी ती गोष्ट होती. ऊब मला काढता येत नाही.

ऋतुजानं व्हिडिओ नव्यानं केला. उन्हातला पडदा, धावतं चित्र, बॅटरी, सगळं माझ्या पदरात टाकलं. जे माझं होतं त्यातलं काही कमी केलं नाही. मग आमचे दोन्ही फोटो शेजारी ठेवले, शेवंतीचा खरा कान दाखवला आणि म्हणाली, "निळा सुंदर काढतो. पण तुमचं काही हरवलं असेल, तर काळ्याला विचारा."

सोमनाथभाऊंनी कपाळाला हात लावला. आपल्या गिऱ्हाइकांना काय मेंढरं राखायची आहेत का, असं त्यांनी तिला ऐकवलं, आणि पुढचे नवे फोन दुसऱ्याच कुणाकडे गेले. ती हुज्जत घालत बसली नाही. आम्हाला टेबलावर ठेवलं, आमच्या तारा स्वतःच्या हातानं जोडल्या. जाताना मला पुन्हा उचललं आणि तो फोटो उघडला. विड्याच्या पानासारखे कान, डोळ्यांत चमक. तिचं बोट पुसायच्या खुणेवर गेलं आणि थबकलं.

"राहू दे हिला," ती पुटपुटली. "हिला दुसरं कुठं घर हाय?"

आता मी पुन्हा टेबलावर आहे. गिऱ्हाइकं येतात, चाळतात, विचारतात, मेंढीवाला फोन कोणता हो? भाऊ मनाविरुद्ध काळ्याकडे बोट करतात. काहींना तरीही मीच आवडतो, कारण मी त्यांना त्यांच्यापेक्षा देखणं काढतो. आज दुकान बंद करताना भाऊ मला कोरा करणार आहेत. टेबलावरच्या फोनांना अधूनमधून असं धुऊन काढावं लागतं. धरण जाईल, आभाळ जाईल, ऋतुजाचा बसलेला आवाज जाईल.

त्याआधी कुणी मला उचललंत, तर एवढं करा. मी किती झपाट्यानं चालतो ते विचारू नका. माझं चित्र मोठं करा, आणि यातलं किती दिसलं आणि किती मनानं काढलंस, ते विचारा. मला तोंडानं सांगता येणार नाही, पण नीट बघितलंत तर तुम्हाला कळेल. आणि चाळता चाळता ती मेंढी लागली, तर तिच्यावर क्षणभर बोट ठेवा. तिच्या कानावर कुणाचीच खूण नाही. कुठल्याच रानात ती कधी चरली नाही. एवढ्या मोठ्या जगात, दुकानाचं शटर खाली येईपर्यंत, ती एकटी माझी आहे.