कोटाचं अस्वल होणार नाही

मास्तरांच्या दुकानात पूर्वी लोक कापड घेऊन यायचे आणि कोट घेऊन जायचे. आताशा लोक कोट घेऊन यायचे आणि अस्वल घेऊन जायचे. ही गोष्ट मास्तरांना इतकी झोंबली होती, की अस्वल हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा ओठांत टाचण्या धरल्यासारखा व्हायचा. ओठांत टाचण्या तशाही असायच्याच, त्यामुळे गिऱ्हाइकांना फरक कळत नसे.

अस्वलं करायची त्यांची थोरली बहीण. तिला सगळे गल्लीभर ताईच म्हणत. दुकान दोघांच्या वडिलांचं. वडील खिडकीपाशी बसून कोट शिवायचे, पुढे ती जागा मास्तरांकडे आली. ताईचं टेबल मागच्या बाजूला, ट्रायल रूमच्या पडद्याला चिकटून. जन्मभर तिथे बसून तिने काजं-बटणं केली, अस्तरं लावली. मग एकदा शेजारच्या रडक्या मुलीसाठी उरल्यासुरल्या तुकड्यांचं एक टेडी केलं, आणि तेव्हापासून तिच्याकडे रीघ लागली. कुणी जुना स्वेटर आणायचं, कुणी पडदे, कुणी आजोबांचा कोट.

"मला खिडकी दे रे," ताई अधूनमधून म्हणायची. "डोळे बसवायला उजेड लागतो. एक जरी वर गेला तरी अस्वल संशयी दिसतं."

"खिडकी कोटाची आहे," मास्तर म्हणायचे. हे वाक्य वडिलांचं होतं आणि म्हणतानाचा आवाजही त्यांनी वडिलांचाच लावलेला असे.

ताईची अडचण वेगळीच होती. तिच्या तोंडून नाही हा शब्द निघत नसे. अस्वल तयार झालं की गिऱ्हाईक म्हणायचं, थोडं हसरं करा ना. ती हसरं करायची. मग तेच म्हणायचं, अहो, आता फारच हसतंय. ती ओठ उसवायची. शाळेतल्या एक बाई तर नाकासाठी इतक्यांदा आल्या, की त्या अस्वलाला नाक असं काही उरलंच नाही, नुसतं दोऱ्याचं गाठोडं राहिलं. त्या दिवशी मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"बास. नियम करायचे," ते म्हणाले.

"कर बाबा. तुला हौस आहे."

"हौस नाही, शिस्त." त्यांनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि कापडावर आखायचा खडू घेतला. "पहिला नियम. डोळे बसल्यावर तोंडात बदल नाही."

"आणि डोळेच चुकले तर?"

"तुझे चुकत नाहीत," मास्तर बोलून गेले, आणि बहिणीचं कौतुक झाल्याचं लक्षात येताच घाईघाईने पुढे सरकले. "दुसरा. घाई चालणार नाही. नंबर येईल तेव्हा अस्वल येईल. तिसरा. ओळखीपाळखीवर नंबर पुढे सरकणार नाही."

"हा चांगला आहे. तुझ्या सकाळच्या फिरायच्या मंडळींना तूच सांग मग. 'माझ्या बहिणीला सांगून लगेच करून देतो' म्हणत तूच सगळ्यांना कबूल करून येतोस."

मास्तरांना एकदम खोकला आला. खोकला ओसरल्यावर त्यांनी चौथा नियम ठळक अक्षरांत काढला: या दुकानात शिवलेल्या कोटाचं अस्वल होणार नाही.

ताईने पुठ्ठा वाचला. "तीन नियम माझ्या सोयीचे," ती म्हणाली, "आणि चौथा तुझ्या नाकासाठी." पण पुठ्ठा तिनेच आरशाशेजारी टांगला, आणि सरळ टांगला. मास्तरांना जमलं नसतं.

नियमांची जरब चांगली बसली. नाकवाल्या बाई आल्या, पहिला नियम वाचला आणि पिशवी काखेत मारून निमूट परत गेल्या. मास्तर दिवसभर गुणगुणत होते. तेवढ्यात घड्याळजी आले.

घड्याळजींचं दुकान समोरच होतं. एका डोळ्याला भिंग लावून लावून त्यांचा तो डोळा कायमचा बारीक झाला होता. त्यांच्या हातात एक कोट होता, करडा, निळसर झाक असलेला. मास्तर शिलाईवरून उठलेच.

"हा माझा कोट!"

"माझा," घड्याळजी म्हणाले. "शिवला तुम्ही."

"पहिला कोट माझा! लग्नातला तुमचा!" मास्तरांनी कोट हातावर घेतला. कॉलरवरून अंगठा फिरवला. कॉलर अजून मानेच्या वळणावर तशीच बसलेली होती, एवढ्या वर्षांत कुठे उठली नव्हती की मुडपली नव्हती. "ही कॉलर बघितलीत? वडिलांनी यावरून एकदाच हात फिरवला आणि म्हणाले, जमलंय. उद्यापासून खिडकीत बस. या कॉलरने मला ही जागा दिली, घड्याळजी. कॉलर टाक्याने बसत नसते, इस्त्रीने बसते. मी सगळ्या शिकाऊ पोरांना हेच सांगत आलो."

मागच्या टेबलावर ताईची सुई थांबली. मास्तरांनी पाहिलं नाही.

"कॉलर उत्तमच आहे," घड्याळजी म्हणाले. "कोटही उत्तम आहे. आत घालायचा माणूस तेवढा आटला. मुलीला बाळ झालंय, लांब राहते ती. म्हटलं, या कोटाचं एक अस्वल करून पाठवावं."

मास्तरांनी आरशाशेजारच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

घड्याळजींनी बारीक डोळा आणखी बारीक करून चौथा नियम वाचला. "कडक आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला फुकट मापात करून देतो. खांदे घेतो, कंबर घेतो. नवा होईल."

"आणि घालून जाऊ कुठे? घरातून दुकानात, दुकानातून घरी. दोन्हीकडे मला बिनकोटाचं ओळखतात." घड्याळजी हसले, मग हसू राहिलं नाही. "मास्तर, त्या पोराच्या हातात माझं काही तरी असावं असं वाटतं हो. भेटायचं कधी जमेल कोण जाणे. कपाटात टांगून मी याचं काय करू?"

मास्तरांनी कॉलर पुन्हा एकदा चाचपली. चांगला माणूस होता बिचारा, फक्त अहंकाराला अस्तर जाड लावलेलं होतं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. फक्त या एका वेळी. पण कात्री लागणार नाही. कोट मी शिवला, मीच उसवणार. टाका न् टाका."

घड्याळजी गेले तशी ताई उठून आली. "आण इकडे, मी उसवते. तुझ्याकडे पँटा पडल्यात."

"अजिबात नाही."

"बरं, मग पाठ आणि बाह्या तेवढ्या दे. कॉलर नको मला. अस्वलाला कशाला कॉलर?"

"कशाला कॉलर?" मास्तर दुखावले. "अगं, अख्ख्या कोटात बघण्यासारखी ती एक गोष्ट! त्या अस्वलाला कॉलर लागणार. हा पाचवा नियम समज."

"तू ना," ताई म्हणाली, आणि आपल्या टेबलापाशी जाऊन एका पायात कापूस भरत बसली. इतका भरला, की तो पाय हत्तीचा वाटायला लागला.

मास्तर खिडकीत बसून उसवू लागले. बाह्या सुटल्या, पाठ सुटली, अस्तर निघालं. आपले त्या वेळचे टाके बघून त्यांना हसू येत होतं. उतावळ्या पोराचे टाके, एक लांब, एक आखूड, सगळे उजवीकडे कललेले. मग त्यांनी कॉलर उघडली. कॉलरच्या पोटात कडक बकरम असतं, ते कापडाला बारीक हातटाक्यांनी धरायचं असतं. कोट फाटेपर्यंत ते कुणाला दिसत नाही.

तिथले टाके सारखे होते. ओळीत, एका मापाचे, मऊ हाताने ओढलेले. आणि सगळेच्या सगळे डावीकडे कललेले.

त्या घरात डावखुरं माणूस एकच होतं. डाव्या हाताने कोट शिवत नाहीत, असं म्हणून वडिलांनी तिला काजं-बटणांवर बसवलं होतं.

मास्तरांना सगळं आठवलं. कॉलर काही केल्या बसत नव्हती. तिचं टोक कुत्र्याच्या कानासारखं उभं राहायचं. त्या धसक्याने त्यांना ताप भरला होता आणि ते अंथरुणाला खिळले होते. उठून दुकानात आले तेव्हा कोट टांगलेला होता, कॉलर निजलेली होती. त्यांनी वरून एकदा इस्त्री फिरवली आणि जन्मभर त्या इस्त्रीला श्रेय दिलं. शिकाऊ पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यांनी त्या इस्त्रीच्या जिवावर घडवल्या होत्या.

बराच वेळ ते कॉलर धरून बसले. मागे वळून बघायचं त्यांना धैर्य होईना. शेवटी ते तसेच खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ताई, ही कॉलर इस्त्रीने बसली होती ना?"

मागे ताईने दातांनी दोरा तोडला.

"तुझी इस्त्री चांगलीच होती रे," ताई म्हणाली.

"आणि एवढ्या वर्षांत तू एकदाही..."

"काय सांगायचं? तू इतका फुगला होतास, टाचणी लावायला जीव झाला नाही."

मास्तरांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम झालं, त्यामुळे नाक पुसायला त्यांनी घड्याळजींच्या कोटाची बाही घेतली आणि वेळीच सावरून ठेवून दिली. मग ते उठले. आरशाजवळ जाऊन त्यांनी चौथा नियम तळहाताने पुसून टाकला. पुठ्ठा वाकडा झाला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

परत येऊन त्यांनी आपलं मशीन दोन्ही हातांनी धरलं आणि ढकलायला सुरुवात केली. फरशीवर करकर आवाज झाला.

"अरे, काय चाललंय?" ताई उभी राहिली.

"डोळे बसवायचेत ना तुला? ये. खिडकीत बस."

"आणि तू?"

मशीन पडद्यापाशी जाऊन टेकलं. मास्तरांनी घाम पुसला, आणि फळीवरच्या इस्त्रीकडे हात केला.

"मी इस्त्री करतो," ते म्हणाले.