न वाचलेलं प्रूफ

परदेशात चार महिने शिकायला गेले तेव्हा मला तिथल्या भाषेत धड भाजीही विकत घेता येत नव्हती. पण तोंड बंद ठेवणं मला कुठल्याच भाषेत जमत नाही. त्यामुळे इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "गावाचा इतिहास पुस्तकातून नको, माणसांकडून आणा," तेव्हा सगळ्यात आधी हात माझाच वर! मी थेट आमच्या गल्लीतल्या छापखान्यात घुसले. महिनाअखेर तो बंद होणार होता.

तिथले आजोबा शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक वेचून ओळी जुळवायचे. म्हणून ते माझे खिळेआजोबा. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत त्यांनी खणांत जपली होती. एका खणात कुणाची लग्नपत्रिका, आणि चार खण सोडून त्याच माणसाच्या निधनाची सूचना.

"सेहेचाळीस वर्षांत एकही चूक या दारातून बाहेर गेली नाही," ते म्हणाले. "हा महिनाही तसाच काढायचाय."

मी हटून तीन दिवस त्या खणांतल्या प्रतींत चूक शोधली. छे!

आणि मग मला नोकरीच लागली. त्यांना बारीक दिसेनासं झालं होतं, म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा कागद, मी वाचायचं.

"अहो, पण मला अर्ध्या शब्दांचे अर्थच कळत नाहीत!"

"तेच तर! ज्यांना कळतात ते अर्थ वाचत सुटतात पोरी, आणि चूक निसटते. तू अक्षरं वाचतेस."

झालं, आमची कॉलर ताठ.

निघताना मी रोज "येते हं" म्हणायचे, त्यांच्या भाषेत शब्दाला शब्द ठेवून. "जाते" म्हणायचं नाही, हे आईने लहानपणापासून डोक्यात भरलंय. तिथे मात्र त्याचा अर्थ एकच, उद्या येते. आणि मी रोज जातच होते, त्यामुळे घोळ कुणाच्या लक्षातच आला नाही.

शुक्रवारी माझा प्रकल्प पुरा झाला.

"येते हं, आजोबा!"

त्यांनी भराभर काहीतरी सांगितलं. "उद्या" आणि "शेवटचं कार्ड" एवढंच मी पकडलं आणि मुंडी हलवली. कळलं नाही की मुंडी हलवायची, ही माझी खास युक्ती. शनिवारी मी वर्गातल्या मुलींबरोबर तळ्यावर गेले. पोट दुखेपर्यंत हसलो त्या दिवशी.

मी ज्यांच्या घरी राहत होते त्या मावशींच्या टेबलावर सोमवारी सकाळी एक कार्ड होतं. छापखाना बंद झाल्याचं, गावाचे आभार मानणारं.

"घरोघरी टाकलंय," मावशी म्हणाल्या. "बघ ना, बिचाऱ्यांच्या स्वतःच्याच नावात दोन अक्षरं इकडची तिकडे झालीत. शनिवारी अंधार पडेपर्यंत थांबले होते म्हणे. कुणीतरी वाचायला येणार होतं. रविवारी यंत्र जायचं होतं, म्हणून शेवटी तसंच छापलं."

"कुणीतरी नाही, मावशी. मी."

मावशींनी ते कार्ड हळूच पालथं घातलं.

मी चपला हातात घेऊनच धावले. छापखान्यात यंत्राच्या जागी फरशीवर चार तेलकट चौकोन उरले होते. आजोबा एका खोक्यावर बसले होते.

"आजोबा, आमच्याकडे निघताना येते म्हणतात. म्हणजे जायचंच असतं, पण..."

"असू दे गं. तळ्यावर गेली होतीस ना? उन्हाने नाक बघ कसं टोमॅटोसारखं झालंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "कार्ड बघितलंस?"

"बघितलं."

"नीट? अक्षर न् अक्षर?"

"हो."

"मग?"

एरवी खोटं बोलताना मला हसू फुटतं आणि मी पकडली जाते. त्या वेळी फुटलं नाही.

"बरोबर आहे सगळं, आजोबा."

इतका वेळ उचलून धरलेले त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी माझा हात थोपटला.

"बघ," ते म्हणाले, "तू आली नाहीस म्हणून काही बिघडलं नाही."