सरलाताईंचे उपास आणि माझा केक

सरलाताईंना सोमवार होता, गुरुवार होता, चतुर्थी होती, एकादशी होती. उरलेल्या दिवशी पित्त होतं. भिलाईत सेक्टर दोनमध्ये त्यांचं क्वार्टर आमच्या क्वार्टरला लागूनच, आणि त्यांचे श्रीधरभाऊ व आमचे हे, देवीदास, दोघेही पोलाद कारखान्यात कोकओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर. बाई माझ्या दारात तासन्‌तास गप्पा मारत बसायची. पण आमच्या घरचा एक दाणा की पाण्याचा एक घोट तिने कधी तोंडात घेतला नाही. पहिल्या दिवशी तिने आमच्या भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब पाहिले, आणि त्याच दिवसापासून हे उपास लागले.

मला राग यायचा, पण भांडायचं कशावरून? उपास करणाऱ्या बाईशी भांडलं की आपणच वाईट ठरतो.

मग एकदा महिला मंडळात कारखान्यावर आलेल्या एका रशियन इंजिनियरच्या बायकोने केक करून दाखवला. सरलाताईंनी अंडी फुटताना डोळ्यांनी पाहिली आणि तरी दोन तुकडे खाल्ले. त्या दिवशी गुरुवार होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, हाच केक करायचा आणि या बाईला माझ्या घरात, माझ्या हातचा खाऊ घालायचा.

रशियन बाईकडे विजेची भट्टी होती, माझ्याकडे सिगडी. पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे, असा मी जुगाड केला. पहिला केक वरून जळाला आणि आतून खळीसारखा कच्चा राहिला. यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "इतका कोळसा तं आमच्या ओव्हनमधून बी नाई निघत."

जळल्याच्या वासावर सरलाताई धावत आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "आच जास्त झाली गं रुक्मा. एवढंही कळत नाही?" चेहरा असा खुलला होता की जणू त्यांच्या घरी बारसं आहे.

दुसऱ्या वेळी मी आच कमी ठेवली, पण जीव राहीना. फुगला का, फुगला का, म्हणून सारखं झाकण उघडून पाहिलं आणि केक मधोमध बसला. पुन्हा सरलाताई हजर, पुन्हा उंबऱ्यावरून भाषण. तिसऱ्या वेळी घरातला सोडा संपला होता म्हणून मी पापडखार घातला. दिसायला केक देखणा झाला, पण घास तोंडात गेला आणि जीभ खरवडून निघाली. तो मी त्यांना दाखवलाच नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की आमच्या गावाकडे कणकेचे रोडगे भाजतात ते पेटत्या आगीवर नाही, विझत आलेल्या निखाऱ्यांवर, आणि मधे कोणी उचकून पाहत नाही. केकलाही तेच केलं. खरा सोडा घातला, झाकणाला हात लावला नाही. असा फुगला की यांनी उभ्या उभ्या अर्धा संपवला. उरलेला मी ताटलीत घालून सरलाताईंपुढे धरला.

"अगं बाई, आज माझा मंगळवार."

"मंगळवार कधीपासून धरला?"

"आजपासून."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. चांगला केक पाहून ही बाई दोन पावलं मागे सरते, बिघडलेला पाहून धावत येते.

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम पापडखार घातला, सढळ हाताने. वर मूठभर मीठ. केक फुगून झकास दिसत होता. तो उंबऱ्याशी आणून मी सरलाताईंना हाक मारली.

"ताई, कायतरी बिघडलं पाहा. मले समजूनच नाई राहिलं."

त्यांनी वास घेतला. बोटाने दाबून पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "दिसतो तर चांगला," म्हणाल्या, आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"जाऊ द्या ताई." मी केक आत नेऊन ठेवला. " तुमाले बी नाई समजत तं मी त्या रशियन बाईलेच विचारते."

हे वर्मी लागलं. "ती काय सांगणार," म्हणत सरलाताई उंबरा ओलांडून आत आल्या, भला मोठा तुकडा मोडला आणि तोंडात कोंबला.

दोनदा चावलं. डोळे भरून आले. कसाबसा गिळला आणि छाती धरून म्हणाल्या, "पापडखार घातलास ना तू? अगं, पाणी दे. आधी पाणी दे."

पाण्याचा विचार मी केलाच नव्हता. माझी सगळी तयारी त्या एका घासापुरती होती. माठातून पेला भरताना घाईत निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. सरलाताईंनी पेला ओढून घेतला, ओठांना लावला आणि घटाघटा रिकामा केला.

'उपास मोडला न ताई' हे वाक्य मी आठवडाभर घोळवून ठेवलं होतं. ते काही केल्या बाहेर येईना. हसू तेवढं फुटत होतं.

सरलाताईंनी पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग रिकामा पेला पुढे केला.

"अजून दे," म्हणाल्या.