एकाच बटणाचे दोन उशीर

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना तुम्ही दोन्ही हातांत धरता ना, तोच. पण माझ्याशी कुणी कधी खेळले नाही. मला नुसतेच दाबले. माझे उडीचे बटण आजवर सहा लाख वेळा दाबले गेले आहे आणि खरे सांगायचे तर आता मी शिणलो आहे.

कारखान्यातून मी थेट एका लहान गेम कंपनीच्या चाचणीच्या खोलीत आलो. तिथल्या तपासनीस बाईंना सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत, कारण चहा निवायला किती वेळ लागतो तेही त्या मोजत. त्यांनी मला दोन वायरी जोडल्या आणि बटणाशेजारी एक बारीक दिवा बसवला. बटण दाबले की दिवा पेटे. समोर सेकंदाला हजार चित्रे टिपणारा कॅमेरा असे. दिवा पेटल्यापासून पडद्यावरचा शिलेदार उडी घेईपर्यंत किती चित्रे गेली, ते बाई मोजत. तो झाला उशीर. आमचा गेम दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चाले आणि दोन्हींवर उशीर साठ चित्रांचा असे. “याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,” बाई म्हणत. मला फार बरे वाटे.

मग त्या दोन यंत्रवाल्यांपैकी मोठ्या कंपनीने आमची कंपनी विकत घ्यायचे ठरवले. खोलीत टाळ्या झाल्या, कारण आमची कंपनी बुडायला आली होती. बाईंचा थोरला भाऊ तिथेच प्रोग्रॅम लिहीत असे. त्याची नोकरी या सौद्यावरच लटकली होती. पण बाजारातली स्पर्धा राखणाऱ्या आयोगाने विचारले, “उद्या तुम्ही दुसऱ्या यंत्रावरचा गेम मुद्दाम मागे ठेवलात तर?” असे कधीच होणार नाही, असे मोठ्या कंपनीने लेखी दिले. आयोगाने चाचणीचे ताजे आकडे मागवले.

बाईंनी मला दोन्हीकडे शंभर-शंभर वेळा दाबले. मोठ्या कंपनीच्या यंत्रावर साठ. दुसऱ्यावर एकशे दहा.

व्यवस्थापक धावत आले. “अहो, या खटाऱ्याचं बटण बघा! पार झिजलंय. आकडा त्यानंच वाढलाय.”

“साहेब, झिजलंय ते दोन्हीकडे सारखंच झिजलंय. बटण काय एकाच यंत्रापुरतं म्हातारं होतं?”

बाईंनी नवा कंट्रोलर आणवला. त्यानेही तेच दोन आकडे दिले.

जेवणाच्या सुट्टीत भाऊ आला आणि त्याने दार लोटून घेतले.

“वरून निरोप होता गं. त्या यंत्राचं काम मागे टाका म्हणून. मी टाकलं.”

“मला का नाही सांगितलंस, दादा?”

“तू मोजत बसली असतीस म्हणून! हा आकड्यांचा कागद आयोगाकडे गेला तर सौदा मोडेल. तुझ्या वहिनीला काय सांगू? सख्ख्या बहिणीनं घरी बसवलं?”

बाईंनी आकड्यांचा कागद पाकिटात घातला.

“ओरड, अबोला धर, काय हवं ते कर. पण एकशे दहाचे साठ करायला सांगू नकोस. नाही जमणार रे मला.”

कागद गेला. निकाल माझ्या एकट्याच्या तक्त्यावर लागला नाही, आयोगाकडे पुरावे ढीगभर होते. सौद्याला नकार आला. महिन्याभरात निम्मी माणसे जाणार, असे कंपनीने जाहीर केले. यादीत भावाचे नाव होते, बाईंचेही होते. येता-जाता कुणीतरी म्हणे, “याच खटाऱ्यानं घात केला,” म्हणून बाईंनी मला खणात ठेवले. भाऊ महिनाभर बहिणीशी एक अक्षर बोलला नाही. रोज उशिरापर्यंत आपल्या पडद्यात डोके खुपसून बसे.

शेवटच्या दिवशी दुपारी त्याने खण उघडला आणि मला बहिणीपुढे ठेवले.

“मोज. दुसऱ्या यंत्रावर.”

बाईंनी मला शंभर वेळा दाबले. चित्रे मोजली.

“एकसष्ट.”

“नीट मोज.”

पुन्हा शंभर वेळा. पुन्हा एकसष्ट.

भावाने खुर्चीत अंग टाकले. “चला, एक तरी काम पुरं झालं. आवर आता. वहिनीनं तुलाही जेवायला बोलावलंय. तुझ्यावर चिडलीय, पण बोलावलंय.”

मित्रांनो, आता मी भंगाराच्या खोक्यात आहे. मला घरी न्या असे म्हणत नाही. आणखी दाबून घ्यायचे त्राण नाही. एवढेच मागतो, की नावडता आकडा आला तर मोजणाऱ्यावर चिडण्याआधी एकदा पुन्हा मोजून बघा. आणि खरे मोजणारी माणसे जपा. माझे बटण झिजले ते सगळ्यांना दिसले. बाईंची झीज कुणी मोजली नाही.