सदतीस घरांचं रान

डाव पहिला. एकेचाळीस.

खोक्यावर हरीण होतं, बगळा होता, तळ्यात पडलेलं आभाळ होतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एक ते चार खेळाडू. बसवकल्याणचे निवृत्त सर्व्हेअर नागनाथ यांनी त्या 'एक'वर बोट ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. एकट्यानं खेळ खेळायचा म्हणजे एकट्यानं भांडण करायचं. जिंकलं तरी जिरवली कुणाची म्हणायची?

नियम असे. पुठ्ठ्याच्या पाटावर सदतीस सहाकोनी घरं. पिशवीतून सहाकोनी तुकडे काढायचे: रान, गवत, नदी, डोंगर. जुळत्याला जुळतं लावलं की गुण. बसवायचा नसेल तर तुकडा टाकून द्यायची मुभा. मात्र शेवटी जितकी घरं रिकामी राहतील, त्या प्रत्येकाचे पाच गुण वजा. सत्तरच्या वर गेलात तर तुम्ही जिंकलात. पन्नासच्या आत राहिलात, तर पुस्तिकेतल्या तक्त्यात तुमच्यासाठी एक इंग्रजी पदवी होती. नागनाथांनी तिचं मनातल्या मनात मराठी केलं: वाट चुकलेला प्रवासी.

पुस्तिका त्यांनी उलटी करून ठेवली.

*

डाव दुसरा, चव्वेचाळीस. तिसरा, एकोणचाळीस. चौथा, सेहेचाळीस.

हे कामून करायचं, तर त्याला कारण होतं. पत्नी सुभद्राबाई चार महिने हैदराबादला होत्या, लेकीच्या, राजश्रीच्या बाळंतपणाला. मागच्या महिन्यात नागनाथ हुमनाबादला निघाले आणि बसले उमरग्याच्या गाडीत. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती. घडतं कुणाकडूनबी. पण त्यांनी हे गंमत म्हणून फोनवर सांगितलं आणि तिकडं कुणी हसलंच नाही.

"अप्पा, एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवू," राजश्री म्हणाली.

"माझ्या डोक्याला काय धाड भरली? अजून शंभर सर्व्हे नंबर तोंडपाठ म्हणतो. धाड तुझा कुठला डोक्याचा खेळ असंल तो. आठ दिवसांत जिंकून दाखवतो."

बोलून बसले. खोकं आलं. रविवारपर्यंत एकदा तरी सत्तर, नाहीतर सोमवारी हैदराबादला डॉक्टर. आणि डॉक्टरनं एकदा 'विसरभोळेपणा' लिहिलं की पुढचं सांगायला ज्योतिषी नको होता: खाजगी मोजणीची कामं बंद, घराला कुलूप आणि हैदराबादेत सातव्या मजल्यावर नातवाच्या वाळत्या लंगोटांखाली बाकीचं आयुष्य.

*

डाव पाचवा. (मोडला. कारण खाली.)

अकरा तुकडे छान बसले होते. फोन वाजला.

"जेवलाव का?" सुभद्राबाई.

"जेवलो."

"काय?"

"...भात."

"आणि?"

"अगं, मी डाव मांडलाय हितं!"

"मांडा की. डाळ केलती का न्हाई, एवढं आठवंना का?"

डाळ केली नव्हती, म्हणून आठवत नव्हती. पण हे सांगायच्या आत हाताचा धक्का लागून डोंगर नदीत गेला.

*

डाव सहावा, त्रेचाळीस. सातवा, पंचेचाळीस. आठवा, बेचाळीस.

आता भीती वाटू लागली. दर वेळी तेच. सुरुवात झकास, मध्य झकास आणि शेवटाला पाच-सहा घरं रिकामी. तुकडे मिळाले नाहीत असं नाही. हातात यायचे, ते बघायचे, 'हे न्हाई बसत' म्हणून टाकून द्यायचे. का बसत नाही, ते विचारलं तर सांगता यायचं नाही. म्हणजे हेच का ते? दिसतंय पण सुचत नाही, हे असंच सुरू होत असंल का?

भर दुपारी पंख्याखाली बसून त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत खाली उतरून पाहिलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. एकही चूक नाही. आपल्या मूळ गावच्या, निर्ण्याच्या शिवाराचे नंबर म्हणून पाहिले. कोळारच्या कारखान्यांखाली गेलेल्या जमिनींचे जुने कबजेदार म्हणून पाहिले. कोण मेलं, कुणी विकली, सगळं जागच्या जागी. मग ह्या दीड वितीच्या पाटावर काय हरवायलंय?

तुकड्यांची पिशवी त्यांनी भिंतीवर फेकली. मग खाली बसून एकेक तुकडा वेचला. एकट्या माणसाला राग परवडत नाही. मागचं त्यालाच आवरावं लागतं.

*

डाव नववा. चव्वेचाळीस. साक्षीदार: विरुपाक्ष.

विरुपाक्ष म्हणजे तीस वर्षं त्यांच्यासोबत मोजणीची साखळी ओढलेला माणूस. आताही नागनाथ खाजगी मोजणीला निघाले की खांद्यावर पिशवी टाकून पुढं असायचा. बुधवारच्या मोजणीचं विचारायला आला आणि चप्पल काढता काढता थबकला.

"हे काय मांडलाव साहेब? पोडीचा नकाशा का?" पोडी म्हणजे जमिनीची फाळणी.

"खेळ हाय. पोरीनं धाडलाय."

"कुठल्या गावचं शिवार?"

"कुठल्याबी न्हाई. इलायती हाय. आणि मी हरायलोय. दर बारीला."

विरुपाक्ष गुडघ्यावर बसला. पाटाभोवती मान फिरवून बघितलं. मग त्याचा चेहरा खुलला.

"अय्यो, हरायलाव कुठं! ब खराब काय बेस सोडलाव."

"काय?"

"हे की." त्यानं रिकाम्या घरांवरून बोट ओढत नेलं. पाटाच्या कडेपासून, रानाच्या आणि गवताच्या मधून, वळसा घेऊन थेट नदीपर्यंत. "गाडीवाट. पाण्यापातूर. एकाचं रान कोंडलं न्हाई."

सरकारी नकाशात जी जमीन कुणाच्याच नावावर नसते, गाडीवाट, ओढा, मसणवाटा, तिला ब खराब म्हणतात. तिच्यावर नांगर घालता येत नाही. चौतीस वर्षं नागनाथांनी नकाशे काढले ते आधी ती सोडून, मग बाकीचं वाटून.

त्यांनी फोन काढला. पुऱ्या झालेल्या प्रत्येक डावाचा फोटो लेकीला पाठवलेला होता. पहिला बघितला. तिसरा. आठवा. सगळ्यांत वाट. कधी उत्तरेकडून, कधी डोंगराला घासून, पण कडेपासून पाण्यापर्यंत, एकही घर न तुटता.

डोकं ठिकाणावर होतं. जरा जास्तच होतं. नागनाथ एवढ्यानं हसले की शेजारची लिंगम्मा खिडकीत येऊन बघून गेली.

हसू ओसरलं आणि जुना वैताग परत येऊन बसला. कळलं, बरं झालं. पण सत्तर कुठं झाले?

"बुजवा की मग," विरुपाक्ष म्हणाला. "कागदच हाय."

"तू बुजव." त्यांनी तुकडा पुढं केला.

विरुपाक्षनं हात मागं घेतला. "मी कामून बुजवू? माझं काय वाकडं केलंय त्यांनी?"

"कुणी?"

"ज्यांची वाट हाय त्यांनी."

नागनाथांनी तुकडा खाली ठेवला. निर्ण्याला नागनाथांच्या बापाची दोन एकर दुसऱ्यांच्या रानांच्या पोटात होती. नकाशात वाट होती, जमिनीवर नव्हती. दर पेरणीला बाप बियाण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन चार बांधांवर थांबायचा आणि चौघांना विचारायचा, जाऊ का. एका वर्षी एकानं नको म्हटलं. त्या वर्षी पेरलं नाही.

*

डाव दहावा. रविवार, दुपार.

हा डाव नागनाथ सर्व्हेअरसारखा खेळले. आधी पाणी. नदी त्यांनी मधे जाऊच दिली नाही, पाटाच्या कडेला खेटून वळवली. पाणी कडेला आलं तर वाट लांब लागत नाही. एक घर सोडलं की पुरतं. मग रान एकगठ्ठा, डोंगर एकगठ्ठा, गवताच्या मधे हरीण. प्रत्येक तुकडा हातात आल्यावर त्याची जागा आधीच ठरलेली. दीड तास लागला. पाठ ताठली. छत्तीस घरं भरली, एक मोकळं.

मोजलं. अडुसष्ट.

परत मोजलं. अडुसष्टच.

"तुझ्या आयला," ते पाटाला म्हणाले.

तेवढ्यात राजश्रीचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फोन पाटावर धरला.

"अप्पा! केवढं सुंदर! एकच राहिलंय की, खाली, नदीपाशी."

"दिसतंय मला."

"शेवटचा तुकडा आहे ना हातात? ठेवा की तिथं. पाच वजा व्हायचे वाचतील. त्र्याहत्तर!"

"ठेवत न्हाई."

"बसत नाही का?"

"बसतो."

"मग?"

"तिथनं लोक पाण्याला जातेत."

मग राजश्री बोलली ती वेगळ्याच आवाजात. मऊ, हळू, बाळाला निजवताना काढतात तसा.

"कोण लोक, अप्पा?"

नागनाथांनी सांगायला घेतलं. ब खराब सांगितलं, विरुपाक्षचं सांगितलं, आधीचे सगळे फोटो परत बघ म्हणाले. जितकं नीट सांगत गेले तितका लेकीचा चेहरा उतरत गेला. स्वतःचं बोलणं त्यांना तिच्या कानानं ऐकू येऊ लागलं आणि मधेच ते थांबले.

"बरं, बरं," राजश्री म्हणाली. "असू दे."

मागून सुभद्राबाईंचा आवाज आला. "ठेवा की अवं! बोटाएवढा तुकडा तो. घरी ऱ्हायचंय का न्हाई तुमाला?"

राहायचं होतं. ह्याच घरात, ह्याच पंख्याखाली, बुधवारच्या मोजणीसकट. नागनाथांनी तुकडा त्या घरावर धरला. गवताचा होता, वर एक पिवळं फुलपाखरू. सगळ्या बाजूंनी जुळत होता. अंगठा सैल सोडला असता तर आपोआप बसला असता.

त्यांनी तो पिशवीत टाकला आणि नाडी ओढली.

"डॉक्टर कितीला बघतेत उद्या?"

"अकराला," राजश्री म्हणाली. ती डोळे पुसत होती.

"मग पहाटंची गाडी धरतो," नागनाथ म्हणाले. "आणि रडू नको. मी शुद्धीत हाय." ती आणखीच रडू लागली, तेव्हा त्यांनी फोन पालथा घातला.