नावेची पारख

ग्यानबानं आधी नावेचं तोंड पाहिलं. मग मागं जाऊन पुठ्ठा पाहिला. मग धोतर सावरून उकिडवा बसला, पोटाखाली हात घातला आणि बोटांच्या पेरांनी ठोकत, कान तिरका करून ऐकू लागला.

"काका, नाव हाय ती," धनराज हळूच म्हणाला. "दात मोजायलाव का काय?"

"तू गप ऱ्हा."

शहरालगतच्या नौबादमधल्या एका बंगल्याच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, दोन ओंडक्यांवर ती फायबरची नाव ठेवलेली होती. लांबट, बसकी, निळी. वरचा रंग उन्हानं विटलेला. आत हिरवा गालिचा आणि गरगर फिरणाऱ्या दोन खुर्च्या. नावेत गालिचा कशाला, हे ग्यानबाला कळेना. पण कळत नाही ते बोलायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम होता.

धंदा म्हणजे बैलांची पारख. चाळीस वर्षांत उदगीरपासून बसवकल्याणपर्यंत एक बाजार त्यानं सोडला नव्हता. बैलाभोवती एक फेरा, अंगावरून एक हात आणि एक शब्द: 'हाय' नाहीतर 'न्हाई'. का, कसं, हे कुणी विचारायचं नाही आणि त्यानं सांगायचं नाही. त्याच्या 'हाय'वर लोकांनी डोळे मिटून जनावरं नेली आणि एकही परत आलं नाही. मग दारोदार ट्रॅक्टर उभे राहिले. गेल्या सहा वर्षांत ग्यानबाला कुणी बाजाराला बोलावलं नव्हतं. म्हणून पुतण्या धनराज जेव्हा म्हणाला, "काका, गावासाठी नाव घ्यायचीय, चला की बगायला," तेव्हा आपण जन्मात नावेत बसलो नाही, हे काही ग्यानबा बोलला नाही. इस्त्रीचं धोतर नेसला आणि निघाला. आता याला हौस म्हणा की खोड म्हणा!

गावाची गरज मात्र हौसेची नव्हती. संतपूरच्या पुढं, मांजरेच्या काठाला त्यांचं गाव. खाली बंधारा झाल्यापासून आठ महिने पाणी तुंबलेलं आणि निम्म्या गावाची शेतं पलीकडं. रस्त्यानं जावं तर बावीस किलोमीटरचा वळसा. बाया खुरपणीला जायच्या त्या गुळाच्या काहिलीत, रस आटवायच्या थोरल्या कढईत बसून. काहील चुलाणावरच शोभावी. पाण्यात ती गरगर फिरते, तिला ना पुढं ना मागं. मागच्या कार्तिकात ती कलंडली. शकुबाईच्या हाताला बाभळीची फांदी लागली म्हणून ती वाचली. सिद्धव्वा वाचली नाही. तिच्या दिवसकार्यानंतर गावानं घरटी वर्गणी काढली आणि नाव शोधायचं काम धनराजच्या गळ्यात टाकलं.

नावेचे मालक विजयेंद्रराव, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. सदऱ्याच्या गळ्यातून जानवं दिसत होतं.

"हैदराबादहून आणली होती," ते म्हणाले. "मासे धरायला."

ग्यानबानं अंगणातल्या तुळशीकडं पाहिलं. "तुमी मासे खातासा?"

"छे छे! धरायचे आणि परत पाण्यात सोडायचे."

"सोडायचे? मंग धरायचे कामून?"

विजयेंद्रराव खळखळून हसले. "आमचे वडील शेवटपर्यंत हेच विचारत होते." मग गंभीर होत म्हणाले, "हे बघा ग्यानबाराव, मी काही लपवणार नाही. सहा वर्षं ही पाण्यात गेलेली नाही. मध्ये ताडपत्री फाटली तेव्हा दोन पावसाळे उघडी पडली होती. आणि पूर्वी ही चार माणसं उचलायची, आता आठ लागतात. का, ते मला सांगता येत नाही. नीट बघून घ्या."

आठ! ग्यानबाचे डोळे चमकले. त्यानं काठाला हात घालून उचलून पाहिलं. नाव जागची हलली नाही. तळाला थाप मारली. आवाज जड आला, पोकळ नाही. हलकं जनावर घेऊन कुणाचं भलं झालेलं त्यानं पाहिलं नव्हतं. हे चांगलं अंगानं भरलेलं होतं.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि त्याच्याखालून हात पुढं केला. बाजारात भाव असाच ठरतो, झाकून, बोटं दाबून. विजयेंद्ररावांनी टॉवेलखाली हात घातला आणि मोठ्या प्रेमानं शेकहँड केला. धनराजनं तोंड फिरवून हसू दाबलं. भाव शेवटी तोंडानंच ठरला.

"मंग काका?" धनराजनं विचारलं.

"हाय," ग्यानबा म्हणाला.

नाव ट्रॉलीत चढवायला दहा माणसं लागली. माणसं कण्हत होती आणि ग्यानबाची छाती फुगत होती. "वजन हाय जनावरात," असं तो गाव येईपर्यंत तीनदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर नारळ फुटला. नाव पाण्यात गेली, तरंगली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी वाजवली नाही ती एकट्या निंगप्पानं. त्याच्याकडं त्या पाण्यातल्या माशांचा ठेका होता आणि आपल्या फायबरच्या होड्या तो स्वतःच दुरुस्त करायचा. तो ग्यानबाजवळ आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "अण्णा, रिकामी असून एवढी खाली बसलीय. बाया बसल्यावर काठ किती उरंल?"

ग्यानबानं पाहिलं. पुढं वीतभर काठ होता, मागं चारच बोटं.

"नवं पाणी हाय तिला. पडंल सवय," तो म्हणाला. आणि बोलता बोलताच त्याला कळलं की आपण थाप मारतोय.

निंगप्पानं वाद घातला नाही. त्यानं नाव बाहेर ओढायला लावली, ओंडक्यांवर चढवली आणि गिरमिटानं मागं तळाशी एक भोक पाडलं. भोकातून पाण्याची धार लागली. लोक म्हणाले, थांबेल आत्ता. सकाळी लागलेली धार दुपारच्या भाकरी झाल्या तरी थांबली नव्हती.

"वरची फळी अन् खालचा तळ, या दोनीच्या मदी फोम असतंय, नाव तरंगावी म्हनून," निंगप्पा समजावून सांगू लागला. "पावसाचं पाणी खुर्च्यांच्या भोकातनं आत गेलं, फोम पिऊन बसला. निम्मं वजन पाण्याचंच हाय. अण्णा, म्हशीचं मोल पाण्याभायेर काढून करावं अन् नावेचं पाण्यात घालून. तुमी उलटं केलाव."

तो हसत म्हणाला, त्यात खोच नव्हती. पण ग्यानबाचे कान तापले. उभ्या जन्मात अशी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

धनराज मात्र पेटला. "त्या मास्तरानं फशिवलं आपल्याला! चला नौबादला. पैसे काढूनच येतो त्याच्याकडनं."

चारपाच जण लगेच तयार झाले. ग्यानबाकडं सगळे कणवेनं पाहत होते. शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसानं म्हाताऱ्याला गंडवलं, त्यात म्हाताऱ्याचा काय दोष! ग्यानबानं नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहण्यात तर त्याची हयात गेली होती. चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

"त्यानं फशिवलं न्हाई," ग्यानबा म्हणाला.

"काका, तुमी मदी पडू नका."

"आरं, तू हुतास की तितं! आठ माणसं लागतेत म्हन्ला. दोन पावसाळे उगडी हुती म्हन्ला. सोताच्या तोंडानं सांगितला अन् ते ऐकून मी खूश झालो. मला वाटलं, अंग धरलंय." त्याला धाप लागली. "चूक माजी हाय. नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका. कुनी नौबादला जायचं न्हाई."

निघायला तयार झालेले एकेक करून पांगले. निदान पुतण्यानं तरी 'असू द्या, काका' म्हणावं, असं त्याला फार वाटलं. धनराज म्हणाला नाही. तो ट्रॅक्टर घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून ग्यानबा खुरपं घेऊन नदीवर जाऊ लागला. गालिचा फाडला, कुजलेल्या फळ्या उचकटल्या आणि आतला फोम उकरून काढायला बसला. भिजलेल्या भाकरीसारखा तो लगदा हाताला यायचा. फायबरची बारीक कुसं कातडीत शिरायची आणि रात्रभर अंग खाजायचं. सून शिवकन्या खोबरेलाची वाटी उंबऱ्यावर ठेवून आत जायची. तो गुपचूप हाताला लावायचा. येणारेजाणारे विचारायचे, "काय ग्यानबाअण्णा, काय करायलाव?" पहिले दोन दिवस त्याला उत्तर द्यावंसं वाटेना. तिसऱ्या दिवशी तो सांगू लागला, "वल्ला फोम काढायलो. चुकून घेतलो नाव."

सगळा उन्हाळा नाव उघड्या अंगानं उन्हात पडून होती. निंगप्पानं मागचं कुजलेलं लाकूड बदललं, तळाला नवा थर दिला. फोमच्या जागी झाकणं घट्ट लावलेले प्लॅस्टिकचे रिकामे डबे कोंबले. मागं पुढं सरकत सगळं काम ग्यानबानं शेजारी बसून पाहिलं. कळलं नाही तिथं विचारलं. विचारायला त्याला सुरुवातीला फार जड गेलं. निंगप्पानं एकदाही कंटाळा केला नाही.

श्रावणात सोयाबीनच्या खुरपणीला आठ बाया भाकरीची गठुडी घेऊन काठावर आल्या. नाव पाण्यात उभी होती, या खेपेला चांगली दीड हात वर. निंगप्पा वल्हं घेऊन आत बसला होता. पण बाया काही पुढं सरकेनात.

"बसा की!" धनराज ओरडला. "दीस वर यायलाय."

कुणी बसलं नाही. सगळ्या शकुबाईकडं पाहत होत्या. कार्तिकानंतर शकुबाई नदीला आली ती आजच. तिनं धनराजकडं पाहिलंही नाही.

"ग्यानबाअण्णा, बसावं का?" तिनं विचारलं.

'हाय' हा शब्द ग्यानबाच्या ओठावर आला. त्याला तो उच्चारवेना. तो गुडघाभर पाण्यात उतरला, नावेचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि बोलू लागला. आत काय सडलं होतं, ते सांगितलं. काय काढलं, किती काढलं, काय भरलं, सांगितलं. डबे किती, तळाला थर कुठं दिला, हात लावून दाखवलं. आठांच्या वर नववी बसायची नाही आणि कुणी उभं राहायचं नाही, हेही सांगितलं. एवढं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता.

"मला नावेतलं कळत न्हाई, शकुबाई," तो शेवटी म्हणाला. "तवा बी कळत नव्हतं. जे केलो ते सांगितलो. बसायचं का न्हाई, तुमचं तुमी ठरवा."

शकुबाईनं भाकरीचं गठुडं कमरेला बांधलं.

"काहिलीत बसताना आमाला कुनी काईच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

तिनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यात पाय टाकला. नावेचा काठ उंच होता, धरायला काही नव्हतं. तिनं ग्यानबाच्या खांद्यावर हात ठेवला, भार दिला आणि आत चढली. मग दुसरी आली. तिसरी आली. प्रत्येकीनं त्याच्या खांद्याला धरून पाय उचलला. खांदा दुखू लागला, पण त्यानं नाव सोडली नाही.

सगळ्यांत शेवटी शिवकन्या. पंधरा वर्षं ती त्या घरात नांदत होती. डोक्यावर पदर घेतल्याशिवाय सासऱ्यापुढं आली नव्हती, सणावाराला पायाला हात लावायची तेवढाच काय तो स्पर्श. ती पाण्यात थबकली. नाव डुलत होती. बाया वाट बघत होत्या.

"ये, माय," ग्यानबा म्हणाला.

तिनं सासऱ्याच्या खांद्यावर तळहात टेकला, सगळा भार टाकला आणि नावेत चढली. निंगप्पानं वल्हं मारलं. नाव पलीकडच्या काठाला लागून बाया उतरेपर्यंत ग्यानबा तिथंच, गुडघाभर पाण्यात, खांदा न हलवता उभा होता.