भिंतीला लावलेला बर्फ

सकाळी दूध तापत ठेवून बुरुलकाननं स्वयंपाकघरातल्या जमिनीतलं झाकण उचललं आणि खाली वाकून पाहिलं. तळघराच्या शिडीला सात पायऱ्या. आज चारच दिसत होत्या. खाली काळ्याशार पाण्यावर कोबीच्या पिंपाचं लाकडी झाकण सावकाश गोल गोल फिरत होतं.

"अगं बाई!" ती म्हणाली. बेणं!

कोपऱ्यात विटांवर ठेवलेल्या पेटीत लाल बटाट्याचं बेणं होतं. तिच्या नवऱ्यानं, असानकुलनं, सामूहिक शेतीच्या दिवसांत कुठूनसं पोतंभर आणलेलं, आणि मग चाळीस वर्षं दरसाल त्यातलंच निवडून जपलेलं. सरोवराच्या या टोकाला बटाटा घरोघरी लावतात. पण पातळ सालीचा, उकडला की आपोआप फुलणारा हा लाल बटाटा गावात आता फक्त तिच्याकडे उरला होता. असानकुल गेल्या शरदात गेला. हे बेणं त्यानं जायच्या वीस दिवस आधी अंगणात बसून निवडलं होतं. ते कुजलं तर वाणच संपला.

तिनं मोजे काढले, घागरा खोचला आणि खाली उतरली. पाणी गुडघ्याच्या वर, आणि असं गार की हाडं ठणकली. पेटीतले वरचे बटाटे कोरडे होते, खालचे पाण्यात. ओंजळभर उचलून ती वर आली आणि तशीच अनवाणी कुंपणाशी गेली. पाटापलीकडे असानकुलचा चुलतभाऊ शेरगाझी राहत होता.

"शेरगाझी! मोटर घेऊन ये! तळघरात सरोवर आलंय!"

"मासे आहेत का, वहिनी? म्हणजे जाळंही आणतो!"

"तुला आधी गळाला लावते! ये लवकर, बेणं बुडालंय!"

बेण्याचं नाव ऐकल्यावर त्यानं पुढची थट्टा गिळली. मोटर आणली, नळी सोडली, पाणी अंगणाबाहेर पाटात पडायला लागलं. मग तो घराला वळसा घालून मागं गेला आणि बराच वेळ आलाच नाही. बुरुलकान बघायला गेली.

मागच्या भिंतीला खिडकीपर्यंत बर्फाचा ढीग होता. वरून पांढरा, खालून पोकळ आणि काळा पडलेला. त्याच्या पोटातून पाण्याची धार सरळ भिंतीखाली शिरत होती.

"हा कुणी लावला, वहिनी?"

"मी. तुझे दादा दर हिवाळ्यात लावायचे, तसाच. भिंत उबदार राहते. खांदे मोडले माझे."

"लावलात ते बरोबर. काढणार कोण?"

"काढायचा कशाला? तो वितळतो."

शेरगाझीनं टोपी मागं सरकवली. "वितळतो?"

"चाळीस वर्षं वितळतोय. एक दिवस उठून बघावं तर भिंत मोकळी."

शेरगाझी मटकन लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अहो वहिनी, दादा भल्या पहाटे घसरगाडीवर घालून सगळा बर्फ सफरचंदांच्या बुंध्याशी नेऊन टाकायचे! उबदार वारा सुटायच्या आत. मला हाक मारायचे, म्हणायचे, आवाज करू नकोस, ती उठली तर चहा घ्या, मफलर घाला, तासभर सोडायची नाही."

बुरुलकानला आठवलं, थंडी सरायला लागली की एखाद्या सकाळी चुलीवर त्याचे ओले हातमोजे वाळत असायचे आणि दारापासून चुलीपर्यंत बुटांचा चिखल. ती करवादायची, "कुठं भटकत होता?" तो म्हणायचा, "असंच. पाय मोकळे केले." आणि ती त्याच्या मागं फडकं घेऊन पुसत जायची.

"लबाड माणूस," ती म्हणाली. मग तिलाही हसू आलं, आणि आवरेना.

दिवसभर दोघांनी बेणं वर काढलं. वाळवायचं कुठं? मोठी चूल असलेली खोली एकच, पाहुण्यांची. बुरुलकाननं दारासमोरच्या मानाच्या जागेवरच्या गाद्या गुंडाळल्या, जुना लोकरीचा नमदा पसरला आणि एकेक बटाटा पुसून त्यावर मांडला. ओलसर होते त्यांना राख चोळली. मऊ पडलेले वेगळे काढले. पेटीतला तिसरा हिस्सा गेला.

संध्याकाळी शेरगाझीची बायको केंजेकान गरम पाव घेऊन आली ती दारातच थबकली.

"सोयरे आले वाटतं? आणि चेहरे तरी किती लाल! मी कुठं बसू?"

"दाराशी. ते तुझ्यापेक्षा मानाचे आहेत."

"चहा विचारलात का त्यांना?"

"विचारला. म्हणाले, पाणी पुरे झालं."

त्यानंतर बुरुलकान रोज सकाळी आधी त्या खोलीत जायची, मग चूल पेटवायची. बेण्याच्या नादात भिंतीचा बर्फ तसाच राहिला, आणि शेरगाझी रोज येऊन झिरपलेलं पाणी उपसून जायचा. पहिले तीन दिवस बटाटे नुसते पडून होते. चौथ्या दिवशी एकाच्या डोळ्यावर जांभळट ठिपका दिसला. तिनं चष्मा आणला. ठिपका नव्हे, कोंब. शेजारच्यालाही. मोजून बघण्याचा तिला धीर नव्हता. तिनं नुसता हात फिरवला आणि तळहाताला सगळीकडे टोचलं.

ही बातमी सांगायला ती कुंपणाशी पोचली तोच पलीकडून केंजेकानचा आवाज आला.

"अहो! अहो, तळघर! इकडे या! चार दिवस लोकांचं पाणी उपसताय, आणि स्वतःच्या घरात बदकं सोडायची वेळ आली!"

शेरगाझी धावत मागच्या अंगणात गेला. बुरुलकानही पाट ओलांडून गेली. त्याच्या भिंतीलाही खिडकीपर्यंत ढीग होता, खालून पोकळ.

"काय रे," ती म्हणाली, "हा कुणी काढायचा होता?"

शेरगाझीनं टोपी काढून हातात धरली. "मला वाटलं, वहिनी... वितळतो."

केंजेकाननं हातातली बादली खाली ठेवली, ती हसण्यासाठीच. बुरुलकान घरी गेली, नमद्यावरचे कोंब फुटलेले वीस बटाटे टोपलीत घातले आणि ती केंजेकानच्या हातात दिली.

"हे तुमच्या वाफ्यात लावा. एकाच तळघराच्या भरवशावर हा वाण ठेवायचा नाही. आणि तुमचे पांढरे माझ्याकडे आणा, जागा करते. दाराशी."

मग तिनं खोपटातून असानकुलची घसरगाडी ओढून काढली, फावडं तिच्यावर टाकलं आणि मागच्या भिंतीकडे निघाली. बर्फ अजून बराच होता, आणि सफरचंदाची झाडं तहानलेली.